वंदना आणि डब्याएवढा उपग्रह

रविवारची सकाळ होती. मी स्वयंपाकघरात ज्वारी निवडत बसले होते आणि फोन वाजला. दिलीपराव होते, वंदनाचे यजमान. "जयाताई, वंदना गेली," ते म्हणाले. "पहाटे गेली. तुम्ही घाईनं निघू नका, घरचं आवरून या..." बायको जाऊन दोन-तीन तास झालेला माणूस मला घाई करू नका म्हणून सांगत होता. बातमी येणार हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. दिवाळीच्या आधीच डॉक्टरांनी हात टेकले होते. तरीही फोन ठेवल्यावर मी पुन्हा ज्वारी निवडायला लागले, आणि सूप रिकामं झाल्यावरच माझ्या लक्षात आलं, की आपल्याला परभणीच्या त्या टोकाला जायचं आहे.

वंदना लोखंडे आणि मी एकाच शाळेत शिकवत होतो. ती विज्ञान आणि गणित, मी मराठी. शाळा पोखर्णीच्या अलीकडच्या एका गावात आणि आम्ही दोघी परभणीत राहणाऱ्या, त्यामुळे वर्षानुवर्षं गंगाखेड रोडनं एसटीनं जायचं आणि त्याच रोडनं परत यायचं, हा आमचा संसारच होता म्हणा ना. शाळेत आम्हाला एकमेकींशी बोलायला वेळ मिळत नसे. जे काही बोलणं झालं ते बसमध्ये. ती मूळची पूर्ण्याची. वडील रेल्वेत, सिग्नलच्या कामावर खलाशी होते. लहानपणी ते तिला सुट्टीच्या दिवशी जंक्शनवर घेऊन जायचे आणि मोडक्या रिलेची, म्हणजे सिग्नलच्या विजेच्या स्विचची, पेटी समोर ठेवून म्हणायचे, उघड आणि बघ. ती उघडायची. वडील शेजारी बिडी ओढत बसायचे, पण हात लावायचे नाहीत. तिला इंजिनिअर व्हायचं होतं. ते झालं नाही, कारण त्या काळी पूर्ण्याहून मुलीला हॉस्टेलवर ठेवायची घरातल्या थोरल्यांची तयारी नव्हती. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही खिडकीबाहेर बघत, आणि पुढच्या थांब्यावर विषय बदलला.

तिचा स्वभाव गोड होता असं मी म्हणणार नाही. पोरांनी पाठ करून आणलेलं उत्तर ऐकलं की तिच्या कपाळावर आठी पडायची. मुख्याध्यापकांशी तिचं वर्षातून दोनदा तरी वाजायचं. पण प्रयोगाच्या वेळी ही बाई एकदम वेगळी दिसायची. मुलं वायरी जोडायला लागली, की ती हात पाठीमागं बांधून उभी राहायची. मुलगा चुकीची वायर चुकीच्या टोकाला लावतोय हे दिसत असायचं, दिवा पेटणार नाही हे कळत असायचं, पण हात पुढे यायचा नाही. एकदा मी दारातून बघत होते, तर तिनं पाठीमागं स्वतःचंच मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

आमच्या भागात एका वर्षी ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर मोठी गारपीट झाली. गहू आडवा झाला, आंब्याचा मोहोर गेला. आठवीत रेणुका नावाची मुलगी होती, धनगराची. तिच्या वडिलांची, सटवाजींची, मेंढरं त्या वेळी उघड्या रानात होती. बरीच कोकरं गारांनी मेली. रेणुका आठवडाभर शाळेत आली नाही. आली त्या दिवशी वर्गात पावसाचा धडा चालू होता. वंदनानं सांगितलं, वर आभाळात थंडी असते, तिथं पाण्याचा बर्फ होतो आणि गारा पडतात. रेणुका उभी राहिली आणि तिनं विचारलं, "मॅडम, एवढ्या उन्हाळ्यात वर एवढी थंडी हाय, हे कुणी बघितलं?"

संध्याकाळी बसमध्ये वंदनानं दोघींची तिकिटं काढली. मग म्हणाली, "मी तिला पुस्तकातलं उत्तर दिलं गं. बरोबरच होतं ते. पण तिनं विचारलं ते वेगळंच होतं. मेलेली कोकरं बघून आलेली पोरगी ती... तिला मी काय, पान नंबर सांगू?"

त्याच उन्हाळ्यात तिला एका कार्यक्रमाची माहिती मिळाली. शाळकरी मुलांनी स्वतःच्या हातानं एक छोटा उपग्रह तयार करायचा, दूध पावडरच्या लहान डब्यात मावेल एवढा. त्यात तापमान आणि हवेचा दाब मोजायचं यंत्र, बॅटरी आणि आकडे खाली पाठवणारा एक चिमुकला ट्रान्समीटर. असे निरनिराळ्या शाळांचे डबे एका ठिकाणी जमवून हवामानखात्याकडे असतो तसल्या मोठ्या फुग्यानं वर सोडायचे आणि मुलांनी जमिनीवर बसून आपापल्या डब्याचे आकडे पकडायचे. मुलांना विज्ञानाची, इंजिनिअरिंगची गोडी लागावी हा हेतू. वंदनानं मुलींना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, की हा काही पृथ्वीभोवती फिरणार नाही. तासा-दोन तासांत खाली येईल. पण खऱ्या उपग्रहाला जे लागतं ते सगळं याला लागणार आहे, पोटात वीज, डोक्यात हिशेब आणि तोंडात आवाज. गावात मात्र दुसऱ्या दिवसापासून बोलबाला झाला, शाळेच्या पोरी सॅटेलाइट करायल्यात म्हणून.

चार मुली निवडल्या. निवडल्या म्हणजे काय, शाळा सुटल्यावर थांबायला ज्यांच्या घरून परवानगी मिळाली त्या चार. रेणुका त्यांत होती, आणि शिफा नावाची एक मुलगी, जिला कॉम्प्युटरवर बसवलं की जेवायची आठवण राहत नसे. मुख्याध्यापकांची हरकत नव्हती, पण आस्थाही नव्हती. दहावीचा निकाल सांभाळून काय ते करा, म्हणाले. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत मोडकी बाकं होती, ती बाहेर काढून या पाचजणींनी तिथं ठाण मांडलं. त्या वर्षी आमची नेहमीची बस किती वेळा चुकली असेल देव जाणे. मी पायरीवर वह्या तपासत बसायची आणि आतून वायरींना कथलाचा डाग देताना जळणाऱ्या राळेचा वास यायचा.

डबा तयार झाला आणि खरी अडचण समोर आली. फुगा सोलापूरकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मैदानावरून सुटणार होता. तिघींच्या घरचे तयार झाले, सटवाजी होईनात. वंदना मला म्हणाली, चल. त्यांची मेंढरं तेव्हा खतासाठी एका शेतात बसवलेली होती. आम्ही ढेकळं तुडवत गेलो. सटवाजींनी आम्हाला बसायला घोंगडी अंथरली आणि स्वतः उकिडवे बसले. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मग विचारलं, "बाई, ह्याच्यानं गारा थांबत्याल का?"

मला वाटलं, आता ही काहीतरी आशेचं बोलेल. पण ती म्हणाली, "नाही. गारा थांबणार नाहीत. गारा कुठं होतात, तिथं किती थंडी असती, ते तुमच्या पोरीला स्वतः बघायला मिळंल. एवढंच."

"मंग त्याचं काय करायचं?"

"ते मला पण ठाऊक नाही. ते तीच ठरवील."

सटवाजी एका कोकराच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "तुमी संगं हाव ना? मंग जाऊ द्या." परत येताना मी वंदनाला म्हटलं, अगं, पोरगी शास्त्रज्ञ होईल असं तरी म्हणायचंस. ती म्हणाली, "नाही झाली तर? त्या माणसाला खोटं सांगून मी त्याची पोरगी नेऊ का?"

ते पहिलं वर्ष फसलं. फुगा वर गेला, काही वेळ आकडे आले. मुली टाळ्या वाजवत होत्या. तापमान उतरत उतरत शून्याच्या जवळ आलं आणि आवाज बंद झाला. डबा संध्याकाळी एका उसाच्या फडाजवळ सापडला, धड होता. परतीच्या गाडीत मुली रडत होत्या, हे मला तिनंच नंतर सांगितलं. तिनं त्यांची समजूत काढली नाही. सीटवर वर्तमानपत्र पसरलं, डबा त्यावर ठेवला आणि म्हणाली, उघडा, आणि बघा. गाडी परभणीला येईपर्यंत मुलींनी शोधून काढलं होतं, की डब्यात जुन्या मोबाइलची थकलेली बॅटरी होती आणि थंडी वाढताच तिनं मान टाकली होती.

पुढचं वर्ष सगळं या थंडीत गेलं. पोखर्णीला नृसिंहाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक कुल्फीवाला होता. वंदनानं त्याला गाठलं आणि त्याच्या डीप फ्रीजरचा एक कोपरा मागून घेतला. दर शनिवारी शाळा सुटली की या मुली डबा घेऊन तिकडे. कधी डब्याला आतून थर्माकोल लावून, कधी कापूस भरून. थर्माकोल लावला की डब्यात बाकीचं मावत नसे. कापूस दमट होऊन गोळा व्हायचा. कुल्फीवाला आधी वैतागला, गिऱ्हाइकं विचारतात म्हणाला, कुल्फ्यांच्यात हे काय टिकटिकायलंय. पण दोन-तीन शनिवारांनंतर तोच झाकण उघडताना गिऱ्हाइकाला सांगायला लागला, जरा सांभाळून, आत पोरींचं काम हाय. मग एका शनिवारी रेणुकानं घरून मेंढीची लोकर आणली. पिंजून, पातळ थर करून बॅटरीभोवती गुंडाळली. त्या दिवशी डबा फ्रीजरमध्ये दुपारभर बोलत राहिला. आम्ही सगळ्यांनी कुल्फी खाल्ली, वंदनानं दोन खाल्ल्या.

आणि मग तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी म्हणून गोळ्या झाल्या, मग सोनोग्राफी, मग संभाजीनगर. कॅन्सर निघाला. फुगा सुटायची तारीख आणि तिच्या केमोची तारीख एकच आली. मुख्याध्यापक म्हणाले, यंदा राहू द्या, मुलींना समजावून सांगू. मी तिला दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा तिनं तेवढीच एक गोष्ट काढली. म्हणाली, "तू जा त्यांना घेऊन."

मी हसले. म्हटलं, मला घरातला फ्यूज बदलता येत नाही. मला त्यातलं काय कळतंय?

"तुला कळायची गरजच नाही. सगळं त्यांना येतं. तू फक्त एक कर... त्यांच्या हातातून काही काढून घेऊ नकोस. दुसऱ्या कुणाला घेऊ देऊ नकोस."

सटवाजींकडे मी एकटीच गेले. मॅडम आजारी आहेत, या खेपेला मी सोबत असेन, म्हणून सांगितलं. त्यांनी आजाराचं नाव विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले, "त्या मॅडमनी म्हणलंय न्हवं, जाऊ द्या म्हून? मंग आमी आडवं येत न्हाई."

त्या सकाळचं मैदान मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. ठिकठिकाणच्या शाळा, टेबलं, लॅपटॉप, आणि मधे तो पांढरा प्रचंड फुगा हळूहळू भरत चाललेला. आमचा डबा चालू केला आणि लॅपटॉपवर काहीच येईना. शिफानं पुन्हा पुन्हा बटणं दाबली. रेणुकानं डबा उचलून कानाशी धरला. फुगा बांधायला थोडाच वेळ उरला होता. तेवढ्यात कॉलेजचा एक तरुण इंजिनिअर मदतीला धावून आला. भला मुलगा होता. म्हणाला, मॅडम, द्या इकडं, मी पाच मिनिटांत करून देतो. त्यानं हात पुढे केला आणि रेणुका डबा त्याच्याकडे द्यायला लागली. घाबरले होते मी. याला देऊन टाकावा आणि मोकळं व्हावं, असंच वाटत होतं. पण तोंडातून निघालं, "तिच्याकडंच राहू द्या. त्या बघतील." तो गोंधळला. मी पण. आणि मग मला कळलं, की मीही हात पाठीमागं धरून उभी आहे, आणि असं उभं राहणं किती अवघड असतं. मदत करायला उतावीळ झालेले हात आवरायचे आणि दुसऱ्याला चुकायला वेळ द्यायचा. वंदना हे रोज करत होती.

मुलींनी डबा उघडला. ट्रान्समीटरची तार प्रवासात हलून डागापासून सुटली होती. शिफानं टॉर्च धरला, रेणुकानं पुन्हा डाग दिला. लॅपटॉपवर पहिला आकडा आला तेव्हा त्या चौघींपैकी कुणी ओरडलं नाही. मीच खाली बसले.

फुगा सुटल्यावर मी दिलीपरावांना फोन लावला. त्यांनी तो वंदनाच्या कानाशी धरला. तिच्या हातात सलाईन होतं. इकडे रेणुका फोनचा स्पीकर लावून एकेक आकडा वाचत होती, उंची आणि तापमान, उंची आणि तापमान. आम्ही घामानं निथळत होतो, ऊन मी म्हणत होतं, आणि ती पोरगी वाचत होती, वीस... पंधरा... अकरा. मागच्या वर्षी आवाज गेला होता ती जागा जवळ आली तशी ती हळू झाली. तीन. दोन. एक. मग जरा थांबली.

"मॅडम, शून्य. इथून वर बर्फ हाय."

पलीकडून वंदनाचा अगदी बारीक आवाज आला, "थांबू नको. वाच पुढं."

रेणुकानं वाचलं. उणे पाच, उणे बारा, उणे वीस... डबा बोलतच राहिला. लोकर टिकली, बॅटरी टिकली. वाचता वाचता ती रडत होती, पण आकडा एकही चुकला नाही.

वंदना त्या दुखण्यातून उठली. पुरते केस यायच्या आत शाळेत आली, डोक्याला रुमाल बांधून. वर्गात शिरल्यावर पहिलं काम काय केलं, तर त्या आकड्यांचा आलेख मुलींकडून फळ्यावर काढून घेतला आणि विचारलं, यात काय चुकीचं असू शकतं ते सांगा. दीड-दोन वर्षं बरी गेली. आणखी दोन तुकड्यांनी डबे बनवले. रेणुका बारावी झाली आणि यंदा नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनिअरिंगला लागली. शिफा बी. फार्मसीला गेली. मला वाटलं वंदनाला वाईट वाटेल, पण ती म्हणाली, "कुठंही जाऊ दे. तिथं जाऊन विचारील ना, हे कुणी बघितलं म्हणून? झालं मग." बाकीच्या दोघींतली एक घरच्या शेतात आहे, एक पोलीस भरतीची तयारी करते. या चौघी आजारपणात तिला भेटायला एकत्रच यायच्या. आजार उलटला तेव्हा तो पसरूनच आला होता.

तिच्या दहाव्याला सटवाजी आले होते. गर्दीत बसले नाहीत, दाराशी उभे राहिले. मी बाहेर आले तेव्हा म्हणाले, "पोरगी म्हणती, आभाळात इतक्या उंचीवर गेलं की बर्फच हाय, बारा म्हैने. आता वारं फिरलं की मी वर बघतो. भ्या वाटतंच. पण आधी कसं, कुणी मुद्दाम मारायलंय असं वाटायचं... तसं न्हाई वाटत आता." एवढं बोलून त्यांनी पटका सावरला आणि निघाले. वंदनाला हे ऐकायला मिळायला हवं होतं, असं मला फार वाटलं.

परवा सकाळी मी दिलीपरावांकडे गेले. मुलगा पुण्याला नोकरीवर परत गेला आहे, ते एकटेच होते. पाटबंधारे खात्यातनं रिटायर झालेला शांत माणूस. बायकोच्या विज्ञानात त्यांनी कधी डोकं घातलं नव्हतं. त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाले, एक मिनिट, आलोच. आणि जिन्यानं वर गेले. मला काही समजेना. खाली येऊन त्यांनी सांगितलं, की शाळेत जाणं बंद झाल्यावर वंदनानं सुताराकडून एक पांढरी, झडपांची पेटी करून घेतली होती आणि आत तापमापी लावून ती गच्चीवर ठेवली होती. तिला जिना चढवत नसे. म्हणून रोज सकाळी हे वर जायचे, आकडा बघून यायचे आणि तिच्या खोलीच्या दारात उभं राहून तो सांगायचे. ती पलंगावरून लगेच विचारायची, आणि काल? म्हणून यांना कालचाही लक्षात ठेवावा लागायचा. "मला काल काय जेवलो ते सांगता यायचं नाही," ते म्हणाले, "पण हे पाठ असायचं."

पलंग तिथंच होता. गादी गुंडाळून ठेवली होती. चहाला उकळी आली तरी ते दारातच उभे होते.

"आज सतरा आहे," ते म्हणाले. कुणाला म्हणाले, कुणास ठाऊक.

मी विचारलं, "आणि काल?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काल एकोणीस होतं," असं म्हणून ते स्वयंपाकघरात गेले आणि गॅस बारीक केला.